नसणं वेगळं, अडवणं वेगळं : बीटा-३ इंटिग्रिनचं प्रकरण

२००२ च्या जानेवारीत ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यातल्या काही उंदरांच्या अंगात बीटा-३ नावाचं प्रथिन जन्मापासून नव्हतं, तर काहींत बीटा-३ आणि बीटा-५ ही दोन्ही नव्हती. ही प्रथिनं नसतील तर कर्करोगाच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटणार नाहीत, रक्त मिळालं नाही की गाठ खुरटेल, अशी तोवरची समजूत होती. त्या समजुतीवर बेतलेली औषधं रुग्णांना देऊन पाहायला सुरुवातही झाली होती. प्रत्यक्षात या उंदरांमधल्या गाठी साध्या उंदरांमधल्या गाठींपेक्षा मोठ्या झाल्या, आणि त्यांच्यात रक्तवाहिन्याही जास्त निघाल्या.

निबंधाच्या पहिल्या लेखिका लुईस रेनॉल्ड्स. काम लंडनमध्ये कैरबान होडीवाला-डिल्क यांच्या प्रयोगशाळेत झालेलं. (होडीवाला हे आडनाव मुंबईकरांना परकं वाटणार नाही.) लेखकांच्या यादीत रिचर्ड हाइन्स हेही नाव होतं. पेशी एकमेकींना आणि आजूबाजूच्या जाळीला कशा धरून राहतात या विषयात त्या नावाला मोठा मान आहे.

जनुक काढून टाकण्याचे प्रयोग वर्गात शिकवायची वेळ आली की मी दर वर्षी हेच प्रकरण घेते. यात कोणी आकडे फिरवलेले नाहीत, कोणाचा प्रयोग हलगर्जीपणे झालेला नाही. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या कामात तरबेज होते. तरीही एकाच प्रश्नाला दोन उलटी उत्तरं आली. ती तशी का आली हे उलगडायला पुढची बारा-तेरा वर्षं लागली, आणि एक धागा अजूनही पूर्ण सुटलेला नाही.

धरून ठेवणारं प्रथिन

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चपट्या पेशींचा एकच थर असतो, फरशी बसवल्यासारखा. त्या फरशीखाली प्रथिनांच्या धाग्यांची पातळ जाळी असते. पेशी या जाळीला ज्या प्रथिनांनी धरून राहते, त्यांतलं मुख्य कुळ म्हणजे इंटिग्रिन. प्रत्येक इंटिग्रिन दोन साखळ्यांच्या जोडीने बनतं, एक अल्फा आणि एक बीटा. सस्तन प्राण्यांत १८ अल्फा आणि ८ बीटा आहेत. त्यांच्या २४ जोड्या जमतात. आपल्या गोष्टीतली जोडी अल्फा-व्ही आणि बीटा-३.

हाइन्स यांचा जन्म १९४४ चा, नैरोबीतला. १९७३ मध्ये लंडनमध्ये काम करताना त्यांना दिसलं की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एक भलंमोठं प्रथिन असतं आणि पेशी कर्करोगाच्या वाटेला लागली की ते नाहीसं होतं. पुढे त्याला फायब्रोनेक्टिन हे नाव मिळालं. मग प्रश्न आला, की पेशी या प्रथिनाला धरते कशाने? १९८४ मध्ये अमेरिकेत ला होया इथे एर्की रुओस्लाहती आणि मायकेल पियर्शबाकर यांनी दाखवलं की पेशीच्या पकडीसाठी एवढ्या मोठ्या प्रथिनातली तीन अमिनो आम्लं पुरतात : आर्जिनिन, ग्लायसिन, अॅस्पार्टिक आम्ल. एका अक्षरी खुणांवरून हा तुकडा ‘आरजीडी’ म्हणून ओळखला जातो. हाइन्स तोवर एमआयटीत आले होते. धरणाऱ्या प्रथिनाला ‘इंटिग्रिन’ हे नाव त्यांच्या प्रयोगशाळेतून १९८६ मध्ये आलं. पेशीबाहेरची जाळी आणि पेशीच्या आतला सांगाडा यांना ते एकसंध करतं, म्हणून हे नाव. २०२२ चा लास्कर पुरस्कार हाइन्स, रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर या तिघांना मिळाला तो याच कामासाठी.

इंटिग्रिन म्हणजे नुसता डिंक नव्हे, हे इथेच सांगून ठेवते; पुढचा सगळा गुंता त्यावर उभा आहे. बाहेर काय पकडलंय याची खबर ते पेशीच्या आत पोचवतं. आतून हुकूम आला की ते आपला आकार बदलतं, वाकलेलं उभं राहतं आणि पकड घट्ट करतं. बातमी दोन्ही दिशांनी जाते.

पहिलं उत्तर : अडवा, म्हणजे वाढ थांबेल

१९७१ मध्ये बोस्टनच्या ज्युडा फोकमन यांनी मांडलं होतं की गाठ एका मर्यादेपलीकडे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात. त्या फुटू दिल्या नाहीत तर गाठ जागच्या जागी राहील. सुरुवातीला या कल्पनेकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. नव्वदच्या दशकात मात्र सगळे तिच्या मागे लागले.

१९९४ मध्ये ला होयाच्याच स्क्रिप्स संस्थेत डेव्हिड चेरेश यांच्या गटाने पाहिलं की माणसाच्या निरोगी कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-व्ही-बीटा-३ दिसत नाही, पण भरत आलेल्या जखमेतल्या कोवळ्या रक्तवाहिन्यांवर दिसतं. कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या गर्भाभोवतीच्या पातळ पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावल्या, तर या इंटिग्रिनचं प्रमाण चौपट झालं. मग त्यांनी एलएम६०९ नावाचं प्रतिपिंड दिलं. हे प्रतिपिंड अल्फा-व्ही-बीटा-३ ला जाऊन चिकटतं आणि त्याची पकड अडवतं. नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या थांबल्या, जुन्यांना धक्का लागला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात हेच अंड्यातल्या गाठींवर करून पाहिलं, तर गाठी आक्रसल्या. वाढत्या रक्तवाहिन्यांच्या पेशी स्वतःहून मरत होत्या.

औषध शोधणाऱ्याला याहून जास्त काय हवं? फक्त वाढत्या रक्तवाहिन्यांवर असणारं, पेशीच्या बाहेरून हाताशी येणारं लक्ष्य. एलएम६०९ ला माणसासाठी योग्य रूप देऊन त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. जर्मनीत म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात होर्स्ट केसलर यांनी आरजीडीचा तुकडा घेऊन पाच अमिनो आम्लांची छोटी कडी बनवली. ही कडी इंटिग्रिनच्या खाचेत अशी बसते की खऱ्या धाग्याला तिथे जागाच उरत नाही. तिचं औषध झालं सिलेंगिटाइड. डार्मश्टाटच्या मर्क कंपनीने ते पुढे नेलं.

दुसरं उत्तर : काढून टाकलं, तरी वाढ झाली

याच काळात हाइन्स यांच्या प्रयोगशाळेत उंदरांमधून एकेक इंटिग्रिन काढून टाकण्याचं काम चाललं होतं. १९९८ मध्ये अल्फा-व्ही मुळीच नसलेल्या उंदरांचं वर्णन आलं. अल्फा-व्ही गेलं की त्याच्या पाचही जोड्या जातात. अडवण्याच्या प्रयोगांवर भरवसा ठेवला तर या गर्भांत रक्तवाहिन्या तयारच व्हायला नकोत. त्या सर्रास तयार झाल्या. दहापैकी सुमारे आठ गर्भ मध्यावर दगावले, उरलेले जन्माला आले पण मेंदूत रक्तस्राव होऊन लगेच गेले. म्हणजे दोष होता, पण रक्तवाहिन्या मुळात घडण्यात नव्हता. पुढे त्याच प्रयोगशाळेने अल्फा-व्ही फक्त रक्तवाहिन्यांच्या पेशींतून काढलं, तर रक्तस्राव झाला नाही. मज्जासंस्थेतल्या पेशींतून काढलं तेव्हा झाला. रक्तवाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या शेजाऱ्यांची पकड सुटली होती.

१९९९ मध्ये बीटा-३ नसलेला उंदीर आला. तो बनवला होडीवाला-डिल्क यांनी, तेव्हा त्या हाइन्स यांच्याकडे संशोधन करत होत्या. हे उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. त्यांचा ठळक दोष एकच, रक्त थांबायचं नाही. बीटा-३ ची दुसरी जोडी प्लेटलेटवर असते, आणि तिच्याशिवाय प्लेटलेट एकमेकींना धरत नाहीत. माणसात हाच आजार ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया म्हणून ओळखला जातो. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ट ग्लान्झमान यांनी तो १९१८ मध्ये नोंदवला. आजार विरळा, पण नात्यात लग्नं करण्याची रीत असलेल्या समाजांत जास्त आढळतो, आणि त्यात दक्षिण भारतातल्या कुटुंबांचाही उल्लेख येतो.

या रुग्णांपैकी ज्यांचं बीटा-३ चंच जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-व्ही-बीटा-३ सुद्धा नसतं. तरी ही माणसं वाढतात, मोठी होतात, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या घडणीत ठळक उणीव दिसत नाही. हा पुरावा दवाखान्यात डोळ्यांसमोर होता. रक्तविकारांचे डॉक्टर आणि कर्करोगाचे संशोधक वेगवेगळ्या परिषदांना जातात. एका दालनातली गोष्ट दुसऱ्या दालनात पोचायला उंदीर यावा लागला, याची मला अजून हळहळ वाटते.

मग २००२ चा तो निबंध. त्यात कारणाचा एक धागाही होता. बीटा-३ नसलेल्या रक्तवाहिनी-पेशी व्हीईजीएफ या वाढीच्या संदेशाला नेहमीपेक्षा जोरात प्रतिसाद देत होत्या, कारण तो संदेश घेणारा रिसेप्टर त्यांच्यावर जास्त प्रमाणात होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हाइन्स यांनी सगळ्या पुराव्याची फेरमांडणी केली. अल्फा-व्ही कुळातली इंटिग्रिन रक्तवाहिन्यांची वाढ करतात असं आपण धरून चाललो; ती कदाचित वाढीला आवर घालत असतील, असं त्यांनी सुचवलं. आपल्याच क्षेत्रातल्या सर्वांत लाडक्या लक्ष्याविषयी हे लिहायला धैर्य लागतं.

दोन्ही खरं कसं असेल

इथे विद्यार्थी दोन गटांत वाटले जातात. एक म्हणतो, उंदराचा प्रयोग फसवा, कारण जन्मापासून प्रथिन नसलं की शरीर पर्यायी सोय करतं. दुसरा म्हणतो, प्रतिपिंडाचा प्रयोग फसवा, कारण प्रतिपिंड चिकटलं की आणखी काहीबाही होतं. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, आणि दोन्ही पुढे स्वतंत्रपणे तपासले गेले.

पहिला आक्षेप मी गावाकडच्या भाषेत सांगते. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो शेतकरी पेरणीच्या आधीच कोणाशी तरी सावड करून ठेवतो, त्याचं शेत वेळेवर पेरून होतं. ज्याची जोडी पूर्ण आहे त्याचा एक बैल ऐन पेरणीत बसला, तर औत तासातच अडतं. चार दिवसांनी तोही कुठून तरी बैल आणतो. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच इथे स्टीफन रॉबिन्सन यांच्या गटाने नेमकं हेच दाखवलं. (२००२ च्या निबंधात तेही एक लेखक होते.) मोठ्या झालेल्या उंदरात, फक्त रक्तवाहिन्यांच्या पेशींतून, गाठ वाढायच्या वेळी बीटा-३ अचानक काढलं, तर गाठीची वाढ आणि रक्तवाहिन्या दोन्ही घटल्या. पण तेवढ्यापुरत्याच. बीटा-३ फार आधी काढून ठेवलं, किंवा गाठ रुजल्यानंतर काढलं, तर फरक पडला नाही.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर जास्त विलक्षण आहे. ड्वेन स्टुपॅक आणि चेरेश यांनी २००१ मध्ये दाखवलं की इंटिग्रिन पेशीवर आहे पण त्याच्या हाती काहीच नाही, अशी अवस्था पेशीला मरणाकडे ढकलते. म्हणजे इंटिग्रिन रिकाम्या हाताने उभं असणं ही सुद्धा एक बातमी आहे. इंटिग्रिनच नसेल तर ती बातमी देणारं कोणी उरत नाही, आणि पेशी जगते. अडवण्याचा आणि काढून टाकण्याचा परिणाम उलटा का आला, याचं निम्मं उत्तर मला इथे मिळतं. २००३ मध्ये बोस्टनच्या रघू कल्लुरी यांच्या गटाने आणखी भर घातली. रक्तवाहिनीखालच्या जाळीतून ट्युमस्टॅटिन नावाचा तुकडा सुटतो आणि तो रक्तवाहिन्यांची वाढ रोखतो. त्यासाठी त्याला अल्फा-व्ही-बीटा-३ लागतं. बीटा-३ काढलं की हा लगामही निकामी होतो.

आणि २००६ मध्ये क्लीव्हलँडहून तिसऱ्या प्रकारचा उंदीर आला. तातियाना बिझोव्हा यांच्या गटातल्या गणपती महाबळेश्वर आणि सहकाऱ्यांनी बीटा-३ जागेवर ठेवलं, पण त्याच्या पेशीच्या आतल्या शेपटीतली टायरोसिन नावाची दोन अमिनो आम्लं बदलली. प्रथिन आहे, पकडू शकतं, पण पकडल्याची खबर आत नीट पोचत नाही. या उंदरांत गाठीतल्या रक्तवाहिन्या कमी झाल्या. बीटा-३ मुळीच नसलेल्या उंदरांत जे घडलं त्याच्या अगदी उलट.

असणं, नसणं, असून अडलेलं असणं, असून मुकं असणं, आता होतं नि आता गेलं असणं. प्रत्येकाचं फळ वेगळं. १९९४ चा प्रयोग आणि २००२ चा प्रयोग एकाच प्रश्नाची उत्तरं देत आहेत असं आपण समजत होतो. ते दोन प्रश्न होते.

मात्रेचा प्रश्न

हे सगळं प्रयोगशाळेत चाललं असताना सिलेंगिटाइड रुग्णांपर्यंत गेलं होतं. निवडलेला आजार होता ग्लायोब्लास्टोमा, मेंदूची अत्यंत आक्रमक गाठ. तिच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-व्ही-बीटा-३ असतं आणि खुद्द गाठीच्या पेशींवरही असतं, त्यामुळे निवड तर्काला धरून होती. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत काही रुग्णांना फायदा झाल्यासारखं दिसलं.

२००९ मध्ये होडीवाला-डिल्क यांच्याच प्रयोगशाळेतून अँड्र्यू रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी सिलेंगिटाइड आणि त्याच जातीचं दुसरं एक रसायन अगदी पातळ, नॅनोमोलर मात्रेत वापरलं. उंदरांमधल्या गाठी वाढल्या, रक्तवाहिन्याही वाढल्या. एवढ्या कमी मात्रेत हे रसायन इंटिग्रिनला अडवत नाही, उलट इंटिग्रिन आणि व्हीईजीएफचा रिसेप्टर या दोघांचा पेशीतला प्रवास बदलतं. आत ओढला गेलेला रिसेप्टर मोडीत निघण्याऐवजी पुन्हा पृष्ठभागावर येतो, आणि पेशी वाढीच्या संदेशाकडे जास्त ओढीने सरकते.

याचं महत्त्व कळायला औषध कसं देत होते ते पाहावं लागतं. २००० मिलिग्रॅम, शिरेतून, आठवड्यातून दोनदा. हे औषध रक्तातून काही तासांत निम्मं होतं. म्हणजे दोन डोसांच्या मध्ये ते पातळ मात्रेच्या टप्प्यातून जाणारच.

या प्रकरणात एक जुनी घंटाही वाजलेली होती. प्लेटलेटवरचं भावंड इंटिग्रिन अडवणारी एप्टिफिबाटाइड, टायरोफिबान ही शिरेतून द्यायची औषधं अँजिओप्लास्टीच्या वेळी आपल्याकडेही वापरतात. त्यांच्याच धर्तीवर रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्या बनवल्या, तेव्हा २००१ मध्ये चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात मृत्यू वाढलेले निघाले. आरजीडीची नक्कल करणारा रेणू खाचेत बसला की इंटिग्रिनला उभ्या, पकडीच्या आकाराकडे ढकलू शकतो. कुलपात अडकवून ठेवायला घातलेली किल्ली थोडी फिरतेही, असंच म्हणा. कुलूप बंदच ठेवणारे रेणू कसे घडवायचे याचं रसायन स्प्रिंगर यांच्या गटाने २०२२ मध्ये मांडलं.

सिलेंगिटाइडच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ५४५ रुग्ण होते, २५ देशांतले. निम्म्यांना रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध, निम्म्यांना त्यासोबत सिलेंगिटाइड. निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. दोन्ही गटांत मध्यक आयुष्य २६.३ महिने. दशांशापर्यंत सारखं. कंपनीने औषध पुढे नेणं थांबवलं.

इथे मला सावधपणे बोलायचं आहे. पातळ मात्रेमुळे चाचणी फसली, असं अनेक जण बिनदिक्कत लिहितात. निकाल तसं सांगत नाही. औषधाने गाठी वाढवल्या असत्या, तर सिलेंगिटाइडच्या गटात आयुष्य घटलेलं दिसायला हवं होतं. ते घटलं नाही. फायदा नाही आणि तोटाही नाही, असं का झालं याला औषध मेंदूतल्या गाठीत किती पोचलं, ज्या रक्तवाहिन्या आधीच तयार आहेत त्यांचं काय, अशी इतर कारणं असू शकतात. हाच तो अजून न सुटलेला धागा. पण त्या ५४५ माणसांपैकी बहुतेक जण आणि त्यांच्या घरचे लोक अशा चाचणीत उतरले होते जिच्या मात्रेविषयी प्रयोगशाळेतून एक गंभीर शंका आधीच छापून आली होती. रुग्णांची भरती २०११ पर्यंत चालू होती. शंका उंदरांपुरतीच होती, हे खरं. तरी तिच्यासाठी डोसांचं अंतर बदललेला एक छोटा गट ठेवता आला असता, असं मला वाटत राहतं.

होडीवाला-डिल्क यांनी पुढे काय केलं

कमी मात्रेत हे औषध रक्तवाहिन्या वाढवत असेल तर वाढू द्या, असा विचार त्यांच्या गटाने केला. स्वादुपिंडाच्या कर्करोगात केमोथेरपी निष्प्रभ ठरते याचं एक कारण असं, की गाठीत रक्तवाहिन्या थोड्या आणि दबलेल्या असतात, त्यामुळे औषध आत पोचतच नाही. गाठीला उपाशी मारण्याच्या चाळीस वर्षांच्या विचाराला हा विचार थेट उलटा जाणारा होता.

२०१५ मध्ये ‘कॅन्सर सेल’ मध्ये त्यांचं काम आलं. स्वादुपिंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या उंदरांना त्यांनी तीन गोष्टी एकत्र दिल्या : अगदी कमी मात्रेत सिलेंगिटाइड, रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं व्हेरापामिल, आणि जेमसिटाबिन हे नेहमीचं केमोथेरपीचं औषध. गाठीतला रक्तपुरवठा सुधारला, जेमसिटाबिन जास्त आत गेलं, गाठीच्या पेशींनी ते जास्त ओढून घेतलं आणि त्यावर जास्त प्रक्रियाही केली. त्यामुळे जेमसिटाबिनची मात्रा कमी करूनही काम झालं. रोगाचा प्रसार घटला, उंदीर जास्त जगले. हे उंदरांतलं काम आहे आणि आधीच्या सगळ्या इतिहासानंतर तेवढंच समजून ते वाचायला हवं.

१९९४ चा अंड्यातला प्रयोग आणि २०१५ चा हा प्रयोग मी विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवते. पहिल्यात रक्तवाहिन्या मेल्या आणि गाठ आक्रसली. दुसऱ्यात गाठ लहान झाली होती, आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त होत्या.